कौंडण्यपुराचा रथ आणि घरचा कारखाना

वर्धा नदीच्या तीरीं, अमरावती जिल्ह्यांत वसलेल्या कौंडण्यपुराचें नांव निघालें कीं मनापुढें एक रथ उभा राहतो. अंबिकेच्या दर्शनास आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णानें येथूनच रथांत घेऊन नेलें, अशी कथा आहे. कथेंत घोडे आहेत, दारुक सारथी आहे. परंतु वाटेंत आंस मोडला असता तर तो कोणी सांधला असता, हें पुराण सांगत नाहीं. वाहनांच्या इतिहासांत सारथ्याचें नांव टिकतें, कारागिराचें लोपतें.

मोटारीची गोष्टहि तशीच आहे. अमेरिकेंत १९०८ पासून १९२७ पर्यंत फोर्डची ‘टी’ मोटार निघत होती. तिची संख्या दीड कोटीवर गेली. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईस मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पण मोटार जोडणें निराळें आणि तिचे भाग घडविणें निराळें. भाग बाहेरून येत. १९३९ सालीं महायुद्ध पेटलें, जहाजें लष्करी मालानें भरूं लागलीं, पेट्रोल मोजून मिळूं लागलें, आणि कित्येक मोटारी कोळशाच्या गॅसवर धांवूं लागल्या. अशा काळीं झिजलेला भाग टाकून नवा बसविणें दुरापास्त. झिजलेलाच पुन्हा उभा करणें प्राप्त होतें.

हें काम घरीं कसें होई? जुन्या इंजिनांत फिरत्या आंसाभोंवतीं पांढऱ्या धातूचें अस्तर ओतलेलें असे. कथील, अँटिमनी व तांबें यांच्या या मिश्रणाला आयझॅक बॅबिट याचें नांव मिळालें आहे. त्याचें पेटंट १८३९ चें. वंगण आटलें कीं अस्तर वितळे आणि इंजिन ठोके देऊं लागे. मग जुनें अस्तर तापवून काढावयाचें, खोबण घासून स्वच्छ करावयाची, तिला कथलाचा हात द्यावयाचा, मध्यें दांडा उभा करून नवा रस ओतावयाचा. रस निवल्यावर आंसाला निळा रंग लावून फिरवावयाचा, आणि जेथें निळा डाग उमटेल तेवढाच उंचवटा पात्यानें खरवडावयाचा. हें दहा वेळां करावें, वीस वेळां करावें; डाग सर्वत्र सारखा उमटला म्हणजे काम साधलें.

यांतील कथलाचा हात म्हणजे नवसागर टाकून तांब्यापितळेच्या भांड्यांना होणारी कल्हईच होय. इंजिनाच्या जड चाकावर दांत्यांचें कडें तापवून चढवितात व निवल्यावर तें आवळून बसतें. वऱ्हाडांतील लोहार बंडीच्या चाकावर धाव चढवितो ती याच रीतीनें. मोटार सातासमुद्रांपलीकडून आली खरी. पण ती दुरुस्त करण्याची विद्या बाजाराच्या दिवशीं गांवांतच भेटत होती.

या विद्येंतून काय उपजतें, याचा दाखला लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रांत आहे. ते मुंबईस चित्रकला शिकण्यास गेले. रंगांचा भेद डोळ्यांस नीट कळत नाहीं असें आढळल्यावर ते यांत्रिक रेखाकलेकडे वळले आणि पुढें शिक्षक झाले. १८८८ सालीं बेळगांवास निघालेल्या सायकलींच्या दुकानापासून त्यांच्या उद्योगाचा आरंभ मानतात. पुढें कडबा कापण्याचें यंत्र झालें, लोखंडी नांगर झाला, आणि १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेना, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं दिलेल्या जुन्या तोफा वितळून नांगर ओतले गेले. दुरुस्तीला बसलेला हातच निर्मितीस उठला.

आज इंजिनांत पातळ तयार कवच बसवितात. झिजलें कीं काढून टाकतात. तें सोयीचें आहे, यांत शंका नाहीं. परंतु कल्हईवाल्याची हांक गांवांत क्वचितच ऐकूं येते, आणि धाव चढविणारा लोहारहि विरळा झाला आहे. घरच्या ओसरीवर जुन्या मोटारीचा एखादा भाग पुन्हा उभा करणारा छांदिष्ट ही विद्या थोडीफार राखून आहे. म्हणून घरांतील मुलगा मोडका भाग उकलून बसला, तर वडीलधाऱ्यांनीं त्याच्या हातांतील कानस काढून घेऊं नये. हात काळे होतील, एखादा भाग वायां जाईल. तेवढी फी या शाळेंत द्यावीच लागते.