दुपटं धुवायचं कुणी?



गेल्या महिन्यात माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी आधीच तयारी करून ठेवली होती. जुनी मऊ सुती लुगडी फाडून दुपटी केली, लंगोट शिवले, सगळं गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवलं. आणि लेकीनं पिशवीतून डायपरचं पाकीट बाहेर काढलं!

माझी आई आता ऐंशीच्या पुढं गेली आहे. ती लगेच म्हणाली, "आमच्या वेळी नव्हते बाई असले लाड."

लेक म्हणाली, "आज्जी, मग तुझ्या वेळी धुवायचं कोण?"

आई थोडं थांबून म्हणाली, "पहिले दहा दिवस सुईण. पुढं मी."

तिचं ते उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. सोयराचे दहा दिवस बाळंतिणीच्या कपड्यांना घरात कुणी हात लावायचा नाही, अशी रीत होती. ते धुवायला यायची ती गावकुसाबाहेरची बाई. तिनं बाळाला न्हाऊ घालायचं, नाळ पुरायची, घाण धुवायची, आणि सुपातलं धान्य लांबूनच पदरात घ्यायचं. अकराव्या दिवसापासून तेच धुणं ओल्या बाळंतिणीच्या वाट्याला. नवजात बाळाला दिवसाला 8-10 वेळा बदलावं लागतं. पाणी विहिरीवरून आणायचं, पावसाळ्यात दुपटी चुलीवर टांगून वाळवायची. आपण ज्याला "जुनं ते सोनं" म्हणतो, त्यात हेही होतं.

मला वाटायचं, ही आपल्याकडचीच गोष्ट. पण डायपरचा इतिहास वाचायला घेतला तर सातासमुद्रापार हाच प्रश्न निघाला.

तिकडंही आधी कापडच होतं, पिनेनं अडकवलेलं. आपण बांगडीत अडकवून ठेवतो ती सेफ्टी पिन 1849 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी काढली आणि तिचा हक्क अवघ्या 400 डॉलरला विकून टाकला. कमाई दुसऱ्यांनी केली. कापड भिजलं की पांघरूण, गादी सगळं भिजायचं. वरून रबराची चड्डी घातली तर बाळाचं अंग भाजल्यासारखं लाल व्हायचं.

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या काळात दोन बायांनी यातून वाट काढली. एक अमेरिकेत, एक इंग्लंडमध्ये.

अमेरिकेतल्या मॅरियन डोनोव्हन यांच्या वडिलांचा आणि काकांचा कारखाना होता. आई लहानपणीच गेल्यामुळे ही मुलगी त्या कारखान्यातच रमायची. पुढं स्वतःला मुलं झाल्यावर रोजच्या ओल्या गाद्यांना त्या कंटाळल्या. न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा कापला आणि शिवणयंत्रावर कापडी लंगोटावरून घालायचं आवरण शिवलं. पिनेऐवजी टिचबटणं लावली, म्हणजे बाळाला टोचायचं भय नाही. कारखानदारांनी दारात उभं केलं नाही. मग त्यांनी स्वतःच माल काढला. 1949 मध्ये तो न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात विकायला लागला. 1951 मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी त्यांनी सगळे हक्क दहा लाख डॉलरला विकले. हंट यांच्यापेक्षा हिशेबाला पक्क्या निघाल्या, असं मी म्हणेन! पुढं त्यांनी वापरून टाकून द्यायच्या कागदी लंगोटाची कल्पना मांडली. कागदवाल्या कंपन्यांनी ती हसण्यावारी नेली.

इंग्लंडच्या व्हॅलरी हंटर गॉर्डन या सैन्यातल्या अधिकाऱ्याची बायको. तिसरं मूल झालं आणि धुण्याचा वीट आला. बाजारात टाकाऊ लंगोट शोधले, मिळाले नाहीत. मग पॅराशूटच्या कापडाची चड्डी शिवून आत कागदी लगद्याची घडी घातली. इतर अधिकाऱ्यांच्या बायकांनी ती पाहिली आणि मागायला सुरुवात केली. घरच्या शिवणयंत्रावर त्यांनी अशा 400 च्या वर शिवल्या. 1950 पासून त्या दुकानात मिळू लागल्या. आपल्या गटातल्या पापड-मसाल्याचा धंदा असाच सुरू होतो की नाही? आधी शेजारीण मागते.

मग मोठी कंपनी कधी जागी झाली? 1950 च्या दशकात व्हिक्टर मिल्स नावाचे एक इंजिनिअर आजोबा झाले. ते साबण बनवणाऱ्या एका बलाढ्य कंपनीत होते. नातवंडाची दुपटी बदलायची वेळ त्यांच्यावर आली, आणि ते काम त्यांना मुळीच आवडलं नाही. त्यांनी हाताखालच्या माणसांना टाकाऊ डायपरच्या कामाला लावलं. टेक्सासच्या उन्हाळ्यात केलेली पहिली चाचणी फसली, कारण प्लास्टिकची चड्डी उकडायची. 1961 मध्ये इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावात नवा माल विकायला ठेवला. आयांना आवडला, पण एका नगाला 10 सेंट परवडेनात. किंमत 6 सेंटवर आणली तेव्हा कुठं खपला. तोच पॅम्पर्स. बायांनी सांगितलं तेव्हा ते हसण्यावारी गेलं. पुरुषाचा हात एकदा भरला आणि कारखाना उभा राहिला.

1980 च्या दशकात त्यात पाणी शोषणारे पांढरे कण आले, ओले झाले की भिजल्या साबुदाण्यासारखे फुगणारे. त्यामुळं डायपर पातळ झाला आणि वरून कोरडा राहू लागला. पण तो कोरडा दिसतो म्हणून तासन्‌तास ठेवायचा नसतो. दोन-तीन तासांनी बघायचं, शी केली की लगेच बदलायचं. मुलगी असेल तर पुढून मागे पुसायचं, उलटं कधीच नाही. थोडा वेळ अंग उघडं ठेवायचं. लाली आली तर डायपर बंद, आणि बरी होत नसेल तर आशाताईला दाखवायचं.

धुणं सुटलं. घाण मात्र सुटली नाही, ती नुसती दाराबाहेर गेली. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना 1993 पासून आहे. तिथं बहुतेक बायाच, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. उघडे डायपर आणि पॅड त्यांच्या हाताला लागायचे. 2013 मध्ये त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरल्या आणि बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवल्या! 2016 च्या घनकचरा नियमांत आलं, की अशा वस्तू विकणाऱ्या कंपनीनं गुंडाळायची पिशवी द्यावी आणि घरच्यांनी ते नीट गुंडाळूनच टाकावं. पाकिटात अशी पिशवी मी अजून पाहिलेली नाही.

सुईण आणि कचरावेचक. माझ्या आईचं उत्तर मला पुन्हा तिथंच घेऊन आलं.

आमच्या घरी मग ठरलं. दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर. बाराव्या दिवशी जावईबापू आले. बाळ भरलं तशा आम्ही तिघी उठलो. लेक म्हणाली, "त्यांना करू दे." त्यांनी डायपर उलटा लावला, बाळानं त्यांचा सदरा भिजवला, आई तोंडाला पदर लावून हसली. दुसऱ्यांदा जमलं. लंगोट धुवायलाही तेच गेले, मोरीत नाही, मागच्या अंगणात, सगळ्यांसमोर.

वापरलेला डायपर शी झटकून, घट्ट गुंडाळून, वर्तमानपत्रात बांधायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, ही पुण्याची युक्ती आम्ही उचलली. ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टरवर येणाऱ्या बाईंना मी तो पुडा दाखवला. त्यांनी विचारलं, "बाकीची घरंपण काढणार का ठिपका?"

मी म्हटलं, बुधवारी गटाची बैठक आहे, तुम्हीच या आणि सांगा. त्या येणार आहेत.