आजोबांचा कोट, आजीचे इरकल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

माझ्या पंचाहत्तरीला मुलांनी रीतसर फोटो काढून घ्यायचा बेत केला. फोटोग्राफर ठरला, दिवस ठरला आणि आदल्या संध्याकाळी सूनबाईंनी विचारले, "बाबा, उद्या काय घालणार?" मी म्हटले, "घालीन काहीतरी." त्यावर कपाट उघडले गेले आणि पलंगावर कपड्यांचे दुकान मांडले गेले. पांढराशुभ्र झब्बा नको, चेहऱ्यापेक्षा तोच उठून दिसतो. बारीक चौकडीचा सदरा नको, हल्लीच्या कॅमेऱ्यात त्या रेघा नाचल्यासारख्या दिसतात. मुलाच्या लग्नातला कोट होता, पण तो आता पोटावर बसेना. जन्मभर मुलांना इतिहास शिकवला, पण कपड्यांच्या त्या ढिगापुढे मी निरुत्तर झालो. मग सहज नजर समोरच्या भिंतीकडे गेली. तिथे माझ्या आजी-आजोबांचा फोटो आहे.

हा फोटो 1928 च्या सुमाराचा, तालुक्याच्या गावातल्या स्टुडिओत काढलेला. आजोबा खुर्चीत ताठ बसलेले. डोक्याला पागोटे, अंगात काळा कोट. शेजारी आजी उभी, आणि दोघांच्या मध्ये जरीची टोपी घातलेले तीन वर्षांचे माझे वडील. मागच्या पडद्यावर रंगवलेला विलायती बगीचा आणि संगमरवरी कठडा. आमच्या गावात असा कठडा कुठेही नव्हता. लहानपणी हा फोटो पाहताना मला एकच कोडे पडे. आजीच्या कपाळावरचे कुंकू काळे होते. मी एकदा आत्याला विचारलेही, "आजी काळे कुंकू लावायची का?" घरातली मोठी माणसे हसली, पण उत्तर कोणालाच देता आले नाही.

उत्तर मला फार पुढे मिळाले, आणि ते रसायनशास्त्रात होते. फ्रान्समध्ये 1839 मध्ये छायाचित्रणाची विद्या जाहीर झाली. 1851 मध्ये आर्चर या इंग्रजाने काचेवर ओला लेप देऊन फोटो घेण्याची पद्धत काढली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षे तिचेच राज्य होते. या काचेवरच्या चांदीच्या क्षारांना निळा-जांभळा प्रकाश दिसे. पिवळा फारसा दिसत नसे आणि तांबडा तर दिसतच नसे. त्यामुळे निळे वस्त्र फोटोत पांढरे येई आणि तांबडे काळे. 1873 मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने क्षारांत रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवे-पिवळे दिसेल अशी सोय केली, तरी तांबड्याच्या बाबतीत ती आंधळीच राहिली. सगळे रंग दिसणाऱ्या काचा 1906 पासून बाजारात आल्या. गावोगावच्या स्टुडिओंत मात्र जुन्या जातीच्या काचा पुढेही बराच काळ चालल्या. कुंकू काळे दिसले ते त्यामुळे. आपल्याकडच्या जुन्या फोटोंतल्या कितीतरी काळ्या पगड्या मुळात लाल होत्या आणि काळेभोर पदर तांबडे.

म्हणजे फोटोसाठी काय घालावे हा प्रश्न त्या काळी निव्वळ हौसेचा नव्हता. पांढरे धोतर चकाकून त्याच्या चुण्या नाहीशा होत. सुरुवातीच्या काळात काही सेकंद निश्चल बसावे लागे. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. वाऱ्याने पदर हलला तर त्या जागी नुसते धुके उमटे. म्हणून फोटोग्राफर जाड, गडद, अंगाबरोबर बसणारे कपडे पसंत करीत. पुढे फोटोवर हाताने रंग भरून देणारे कारागीर आले. त्यांना लुगड्याचा रंग गिऱ्हाइकाला विचारावा लागे, आणि गिऱ्हाईक सांगेल तो रंग खरा ठरे!

आपल्या मुंबईत ही विद्या लवकर रुजली. 1854 मध्येच तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले नामांकित छायाचित्रकार. हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओही त्याच पिढीतला. संस्थानिक, शेटजी, सरकारी नोकर स्टुडिओची पायरी चढू लागले. पडद्यातल्या स्त्रियांनी परपुरुषासमोर कसे बसावे ही अडचण होती. ती ओळखून लाला दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि त्याची सूत्रे एका इंग्रज बाईंकडे दिली. ठेवणीतले दागिने, शालू, शेला, शाल यांना मिरवायला लग्नमुंजीखेरीज आणखी एक जागा मिळाली.

पण त्याच काळात दुसऱ्याही एका जातीचे फोटो निघत होते. ते काढून घेणाऱ्यांनी कपाट उघडून काही निवडलेले नव्हते. मुंबईच्या विल्यम जॉन्सन यांनी इथल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतल्या कित्येक चित्रांत माणसांच्या आकृती एका फोटोतून घेऊन मुंबईच्या एखाद्या देखाव्यावर बसवलेल्या आहेत. सरकारने 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात चारशेहून अधिक फोटो. काही सरदार-राजे सोडले तर बहुतेकांच्या खाली माणसाचे नाव नाही. आहे ते जातीचे किंवा जमातीचे. अंगावरचे वस्त्र, गळ्यातली माळ, हातातली काठी ही त्या माणसाची राहिली नाही, 'नमुन्याची' झाली. पाने उलटताना एखाद्या बाईचे डोळे सरळ आपल्याकडे पाहतात. तिला कोणत्या नावाने हाक मारत, ते मात्र पानावर नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक फोटो उभा आहे. तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अमेरिकेतले फिलाडेल्फिया, 10 ऑक्टोबर 1885. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात अधिष्ठात्या रेचेल बॉडली यांच्याकडे स्वागतसमारंभ होता. त्या दिवशी तीन परदेशी विद्यार्थिनींचा फोटो घेतला गेला. एक जपानच्या केई ओकामी, किमोनोमध्ये. दुसऱ्या सीरियाच्या साबात इस्लामबूली, आपल्याकडच्या पोशाखात आणि शिरोभूषणात. आणि डावीकडे साडी नेसून बसलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी. वय वीस.

या साडीला इतिहास आहे. अमेरिकेला निघण्यापूर्वी 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधल्या सेरामपूर येथे आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले होते. परदेशी जाणारी बाई बाटणार, या ओरड्याला ते उत्तर होते. आपण चालीरीती, आहार आणि पोशाख बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणून परत येऊ, असे त्यांनी भर सभेत सांगितले. एप्रिलमध्ये त्या बोटीवर चढल्या. सभेत दिलेला शब्द खरा, पण फिलाडेल्फियाची थंडीही खरी. आपल्या पद्धतीने कासोटा घालून नेसलेल्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. बर्फाळ हवेत हे निभणार कसे? आनंदीबाईंनी विलायती झगा घातला नाही. त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली. तिने घोटे झाकले जातात आणि आत परकर घालता येतो. शब्द राखला आणि अंगही राखले. ही तडजोड वाचताना मला नेहमी वाटते, की त्या विशीतल्या मुलीइतका पोशाखाचा विचार फार थोड्या इतिहासकारांनी केला असेल.

कोणी म्हणेल, या तिघींनाही नमुना म्हणूनच बसवले होते. समारंभाला आलेल्या अमेरिकन पाहुण्यांना कौतुक वाटावे म्हणून. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तीन देश, तीन पोशाख, असा देखावा त्या काळच्या पाश्चात्त्यांना आवडे. पण 'पीपल ऑफ इंडिया'तली अनामिक बाई आणि आनंदीबाई यांच्यात मोठा फरक आहे. आनंदीबाईंची साडी कोणी समारंभापुरती आणून दिलेली नव्हती. ती त्यांची रोजची होती, आणि तिच्यासाठी त्यांनी टीका आणि थंडी दोन्ही सोसली होती. शिवाय फोटोखाली त्यांचे नाव आहे. 11 मार्च 1886 रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. पंडिता रमाबाई त्या समारंभासाठी मुद्दाम अमेरिकेला गेल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर आनंदीबाईंची नेमणूक झाली होती, पण ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आज आपण आनंदीबाई डोळ्यांपुढे आणतो त्या अशा फोटोंतूनच, त्यांनी स्वतः निवडलेल्या वेशात.

जुने ते राखणे हाच स्वाभिमान, असा अर्थ मात्र यातून काढू नये. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून आणि ज्या दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता ती तऱ्हा आणि ते दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. स्त्रियांनी दुसऱ्याच दिवशी लुगडी घोट्यापर्यंत नेसली. आनंदीबाईंचा स्वाभिमान पोशाख न टाकण्यात होता, या बायांचा तो टाकण्यात होता. जो वेश दुसऱ्याने लादला तो उतरवायचा हक्क आणि जो आपला मानला तो राखायचा हक्क, हे एकच आहेत. बाबासाहेबांचा सुटाबुटातला फोटो घराघरांतल्या भिंतीवर लागला, तो काही विलायतेच्या कौतुकापायी नव्हे.

आता पुन्हा आमच्या भिंतीकडे येतो. आजोबा एका अडत्याच्या दुकानात दिवाणजी होते. त्यांच्याजवळ कोट कधीच नव्हता. फोटोतला कोट स्टुडिओचा. हे मला कळले ते गंमतीने. आमच्याच आळीतल्या आणखी दोन घरांत त्या काळचे फोटो आहेत, आणि तिन्हींत कोट तोच! वरून तिसरे बटण इतरांपेक्षा वेगळे आहे. आजोबांना तो मोठा होत होता. बाह्या बोटांपर्यंत आल्या आहेत. तरुणपणी मला याची थोडी लाज वाटली. दोन घटकांसाठी उसना मोठेपणा कशाला, असे मी एकदा आत्यापुढे बोलून गेलो.

आत्याने मग बाकीची गोष्ट सांगितली. फोटो काढायचे ठरले ते वडिलांना नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठवले होते म्हणून. आधीची दोन मुले गेली होती. या मुलाचा निदान फोटो तरी असावा, असे आजीच्या मनात आले. आजोबांनी तिला सांगितले, लग्नातला शालू नेस. आजी म्हणाली, नको, इरकलच बरे. खरी गोष्ट अशी होती की दुखण्याच्या खर्चासाठी शालू सावकाराकडे गेला होता आणि तो तिने परस्पर पाठवला होता. आजोबांना ते स्टुडिओतून परतल्यावर कळले. म्हणजे त्या फोटोत आजोबा उसन्या कोटात आहेत आणि आजी रोजच्या इरकलात, आणि दोघेही आपापल्या परीने मुलासाठीच नटलेले आहेत. उद्या हा मुलगा मोठा होईल, फोटो पाहील, तेव्हा त्याला आपला बाप कोणीतरी वाटावा, एवढीच त्या लांब बाह्यांमागची इच्छा. तेव्हापासून मी त्या कोटाला हसलेलो नाही.

इरकलाचा पदर तांबडा असतो. फोटोत तो काळा आहे. काठ कोणता होता, अंग हिरवे होते की जांभळे, हे सांगू शकणारी आत्याही आता नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात वर्षानुवर्षे घातला तसाच बदामी रंगाचा खादीचा झब्बा घातला. सूनबाईंनी इस्त्री मात्र स्वतः केली. फोटो चांगला आला. मुलगा म्हणाला, फोनवर पाठवतो सगळ्यांना. मी म्हटले, पाठव, पण एक प्रत कागदावर छापून आण. ती आल्यावर मागच्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली, गाव लिहिले, फोटोतल्या सगळ्यांची नावे डावीकडून क्रमाने लिहिली. खाली आणखी एक ओळ घातली : झब्बा बदामी, स्वतःचा, सुनेची साडी आंबा रंगाची, तिच्या आईची.

तुमच्याही घरी असे जुने फोटो असतील. ते भिंतीवरून उतरवा, आणि ज्यांना आठवते त्यांना विचारून मागे दोन ओळी लिहून ठेवा. कोण आहे, आणि अंगावर काय आहे. विचारायचे ते आजच विचारा.