गुलाब : वर्षभराची निगा

गुलाबाच्या झुडपाची छाटणी, खत-पाणी आणि रोग-किडींपासून संरक्षण यांचा वर्षभराचा क्रम. थंड देशांत हिवाळ्यात पानगळ होऊन झाडाला आपोआप विश्रांती मिळते, म्हणून तेथील मुख्य छाटणी हिवाळा सरताना होते. महाराष्ट्राच्या पठारावर तितकी थंडी पडत नाही. हिवाळा हाच येथे उत्तम फुलांचा हंगाम असतो. त्यामुळे येथील गुलाबाचे वर्ष पाऊस उघडल्यावर सुरू होते. विलायती पुस्तके समोर ठेवून मार्चमध्ये कात्री चालवली, तर कोवळी फूट नेमकी एप्रिल-मेच्या उन्हात सापडते.

छाटणी : हायब्रिड टी आणि फ्लोरिबंडा या वर्गांत फूल नव्या फुटीच्या शेंड्यावर येते आणि दिवस लहान की मोठा याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. म्हणून छाटणीचा दिवस ठरला की बहराचाही अंदाज बांधता येतो. ऑक्टोबरच्या मध्यास छाटलेली हायब्रिड टी झाडे साधारण ४५ ते ५० दिवसांनी, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला फुलतात. थंडी वाढली की काही दिवस जास्त लागतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील जानेवारीअखेरच्या पुष्पप्रदर्शनासाठी फुले हवी असणारे हौशी बागवान दिवस उलटे मोजूनच कात्री हाती घेतात. मावळातील हरितगृहांचा व्हॅलेंटाइन डेचा हिशेबही याच तत्त्वावर चालतो.

छाटणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी तोडून झाडाला ताण देतात. जुन्या बागांत त्यासाठी मुळेही उघडी करीत. पण त्यात तंतुमुळे तुटतात आणि नुसते पाणी तोडूनही काम भागते, तेव्हा ही प्रथा सोडलेली बरी. वाळक्या, काटकुळ्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडातून काढून तीन ते पाच जोमदार फांद्या राखाव्यात व त्या कलमाच्या सांध्यापासून ३० ते ४५ सेंमी. उंचीवर कापाव्यात. काप बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंमी. वर, किंचित तिरपा घ्यावा. कापलेल्या फांदीचा गाभा अवश्य पाहावा. तो तपकिरी दिसला, तर शेंड्याकडून मर खाली उतरू लागली आहे असे समजावे आणि पांढरा गाभा लागेपर्यंत कापत जावे. ठरवलेली उंची राहिली नाही तरी चालेल. कापांवर लगेच बोर्डो पेस्ट लावावी.

वेली गुलाबांना हा नियम लागू नाही. त्यांची फुले बहुधा जुन्या फांद्यांच्या आडव्या फुटव्यांवर येतात, म्हणून त्यांची फक्त विरळणी करतात. सरसकट छाटणीत हातचा बहर जातो.

खत व पाणी : छाटणीनंतर आळ्यात चांगले कुजलेले शेणखत व निंबोळी पेंड मिसळून भरपूर पाणी देतात. पुढचे पाणी माती वरून सुकू लागल्यावरच द्यावे. उन्हाळ्यात आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. या दिवसांत फुले लहान व फिकट निघतात, तेव्हा कळ्या खुडून झाडाची शक्ती वाचवणे शहाणपणाचे. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी तुंबून मुळे कुजतात, त्यासाठी मेअखेरीस चर काढून ठेवावेत.

रोग व किडी : पावसाळ्यातला मुख्य रोग म्हणजे पानांवरील काळे ठिपके. त्याच्या बुरशीला रुजण्यासाठी पान काही तास सलग ओले राहावे लागते. म्हणून पाणी पानांवर न मारता बुडाशी, सकाळी द्यावे आणि गळलेली पाने वेचून नष्ट करावीत. भुरीचे तंत्र वेगळे. तिला पानावर पाण्याचा थर लागत नाही. हिवाळ्यातले कोरडे दिवस आणि दमट, गार रात्री तिला मानवतात. तिच्यावर पाण्यात मिसळणारे गंधक फवारतात, मात्र कडक उन्हात त्याने पाने करपतात. उन्हाळ्यात फुलकिडे आणि लाल कोळी वाढतात.

खुंटाचे फुटवे : बाजारातले बहुतेक गुलाब जंगली किंवा गावठी खुंटावर डोळा भरून केलेले असतात. सांध्याखालून निघालेला फुटवा खुंटाचाच असतो. तो ठेवला तर कलमाची जात मागे पडून खुंटच माजतो. पानांची संख्या मोजून फुटवा ओळखण्याची रीत भरवशाची नाही. माती सारून तो कोठून निघाला हे पाहावे आणि न कापता बुडाशी धरून उपटून काढावा.