महाद्वारासमोरची समाधी

आळंदीहून निघालेला माणूस पंढरीला पोचेपर्यंत नावाने कमी आणि ‘माउली’ म्हणून जास्त ओळखला जातो. पाणी देणारा माउली, पिणारा माउली, गर्दीत धक्का देऊन पुढे जाणारा तोही माउलीच! म्हातारा माणूस नातवाच्या वयाच्या पोराच्या पाया पडतो, पोरगंही लगेच वाकतं. आम्हां वारकऱ्यांना याचा अभिमान आहे, आणि तो असावाच. पण ज्या संतांचे नाव आम्ही रोज घेतो ते सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी असेच घेतो. संप्रदायाने माणसाला नवे नाव दिले, जुने काही काढून घेतले नाही. गाव एका नावाने हाक मारतं, वाट दुसऱ्या. आणि माणूस स्वतःला कोण समजतो, ते या दोन हाकांच्या ओढाताणीत ठरतं.

ही ओढाताण चोखोबांच्या घरात जितकी दिसते तितकी कुठेच दिसत नाही. चोखोबा मंगळवेढ्याचे. तिथे गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि इतर मजुरांबरोबर तेही त्याखाली गेले, साल १३३८. नामदेवरायांनी अस्थी पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्यावरून ती ओळखली, ही कथा आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलेली आहे. समाधी दाराबाहेर का, हे मात्र कीर्तनात घाईने उरकलं जातं.

चोखोबांच्या नावावर एक अभंग आहे. पूर्वजन्मी कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा जन्म आला, असे त्यात ते स्वतःच सांगतात. समाजाने ठोकलेला शिक्का धर्माने समजावून दिला आणि तो आतपर्यंत उतरला. तेच चोखोबा इतरत्र देवाशी हक्काने भांडतात, हेही खरंच. एकाच माणसात दोन्ही आहे.

सोयराबाई त्यांची पत्नी. पुष्कळ अभंगांच्या शेवटी त्या सही करतात ती ‘चोख्याची महारी’ अशी. नवऱ्याचे नाव आले, जात आली, स्वतःचे नाव नाही. आणि हीच बाई विटाळाचा प्रश्न असा मांडते की पंडिताने निरुत्तर व्हावे : देह विटाळातूनच जन्मतो, मग सोवळा कोण उरला? मुलगा कर्ममेळा आणखी पुढे जातो. पूर्वजन्माची समजूत त्याला पटलेली दिसत नाही. हीन जन्म का दिलास, असे तो देवालाच विचारतो. आमच्या मते बापाच्या सोसण्याइतकाच मुलाचा हा राग भक्तीचाच आहे. रागावणार कुणावर? जो आपला आहे त्याच्यावरच ना.

पुढची सहाशे वर्षे दार तसेच राहिले. साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मंदिर सर्वांना खुले करायचे ठरले तेव्हा, १० मेला, उपवास सुटला. हा उपवास वारकरी मठात झाला, हे आपण विसरू नये. विरोध करणाऱ्यांतही माळकरी होते, हेही विसरून चालणार नाही. पुढच्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. १९३५ साली येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केलेल्या माणसाने चोखोबांची आठवण ठेवली, याचा अर्थ ज्याने त्याने शोधावा.

दार उघडलं तरी पंगत लगेच एक झाली नाही. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या होत्या. त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख ‘परिपूर्ती’त आहे. ज्या दिंडीत सगळे एका सुरात गात होते, तिथेच ब्राह्मणांची आणि मराठ्यांची जेवणं वेगळी होत होती, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना ते बोचलं. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी तो जरूर वाचावा, आणि वाचल्यावर घरच्या जुन्या माणसांना पंगतींबद्दल विचारावं. स्वयंपाक कोण करत होतं, वाढत कोण होतं, आणि उष्टी कुणी काढली, एवढं विचारलं तरी पुष्कळ इतिहास बाहेर येतो.

सोयराबाई आणि कर्ममेळा यांचे अभंग आपल्या भजनात फार थोडे येतात. यंदा पालखीच्या मुक्कामी हरिपाठ झाल्यावर त्यांचा रोज एक अभंग घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे. चाली बसवायचे काम विणेकऱ्यांकडे दिले आहे.