लाल बावटा नसलेलं जहाज

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. त्याचं पत्रक नोटीस बोर्डावर लागलं, की बिल्डिंगमधली मुलं विचारतात, "काका, हीच तारीख का?" माझी सगळी नोकरी गोदीत गेली, म्हणून उत्तर द्यायचं काम माझ्याकडे येतं.

एप्रिल १९४४. महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. शिवाय कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड. स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा आणि असा माल गोदीबाहेर, पाण्यातच पडावांमध्ये उतरवायचा, अशी पद्धत होती. लढाईच्या घाईत दोन्ही राहिलं.

१४ तारखेला दुपारी कापसातून धूर दिसला. चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. जहाजातल्या सोन्याच्या विटासुद्धा लांबवर उडाल्या. आठशेच्या वर माणसं गेली. त्यांत आग विझवायला धावलेले ६६ जवान होते. सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळतात.

तेव्हा कायदे नव्हते असं नाही. स्फोटकांचा कायदा १८८४ चा, पेट्रोलियमचा १९३४ चा. भोपाळनंतर आणखी आले: १९८६ चा गोदी कामगार सुरक्षा कायदा, १९८९ चे घातक रसायनांचे नियम. असं रसायन परदेशातून आणणाऱ्याने सरकारला आधी कळवायचं, हे त्यातच आहे. तरीही जुलै २०१० मध्ये शिवडीला, बंदराच्या जागेत वर्षानुवर्षं पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना त्रास झाला.

आता आपल्या घरचं सांगतो. मागच्या रंगकामानंतर थिनरचे डबे मीटर रूममध्ये चार महिने पडून होते. "राहू दे, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," असं तेव्हा कमिटीत मीच म्हणालो होतो. जन्मभर गोदीत काढलेला माणूस! शेवटी वॉचमनने टोकलं, तेव्हा डबे हलले.

पंचविसाव्या वर्षी एवढीच विनंती: मीटर रूम आणि जिना मोकळा ठेवू या. आणि वॉचमनने टोकलं, तर रागावू नका.