अनुदानाची अट

आपल्या शाळेच्या पाटीवर नावाखाली बारीक अक्षरांत 'अनुदानित' असं लिहिलेलं होतं. तपासणीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी सगळे वर्ग लख्ख होत, त्याचा या शब्दाशी काहीतरी संबंध असावा एवढंच तेव्हा कळायचं. पैसा देणारा अट घालू शकतो, हे बऱ्याच उशिरा उमगलं. ते उमगलं एका बागेमुळे.

त्याआधी आपल्या वर्गातली एक आठवण. लहानपणी पोलिओ झालेली आपली मैत्रीण खेळाच्या तासाला मैदानाकडेच्या ओट्यावर बसायची. आम्ही मुली तिच्याजवळ घड्याळं, चपला ठेवून पळायचो. तिला कुणी कधी चिडवलं नाही, त्यामुळे आपण चांगलेच वागतो असं वाटायचं. मैदानात उतरायला तीन पायऱ्या होत्या. त्या तिच्याशिवाय कुणीच मोजल्या नव्हत्या.

२०१६ मध्ये कंपनीच्या कामासाठी कॅलिफोर्नियात पालो आल्टोला गेले होते. तिथल्या मिचेल पार्कमध्ये 'मॅजिकल ब्रिज' नावाची खेळबाग पाहिली. जमीन रबराची, सपाट. दुमजली खेळघरापर्यंत चाकाची खुर्ची जाईल असा उतार. गोंगाट न सोसणाऱ्या मुलांसाठी शांत कोपरे. हात फिरवला की सूर देणारी प्रकाशकिरणांची वीणा. सेन्सर बघायला म्हणून मी थांबले आणि बघत राहिले ती मुलं. कोण अपंग, कोण धडधाकट, हे चटकन ओळखू येत नव्हतं.

ही बाग कशी झाली, हे शोधताना चाळीस वर्षं मागे जावं लागलं. १९७३ साली अमेरिकेत पुनर्वसन कायदा झाला. त्याच्या ५०४व्या कलमात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या उपक्रमातून केवळ अपंगत्वामुळे कुणाला वगळता येणार नाही. म्हणजे अनुदान हवं असेल तर दार सर्वांना उघडं हवं. पण कायद्याच्या नियमांवर सही होईना. ५ एप्रिल १९७७ला शंभराहून अधिक अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत शिरली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तिथेच राहिली. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी ज्युडिथ ह्यूमन यांनाही लहानपणी पोलिओ झाला होता. आगीच्या वेळी धोका होईल म्हणून एका शाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. पुढे २६ जुलै १९९०च्या कायद्याने हे बंधन अनुदान न घेणाऱ्या सार्वजनिक जागांनाही लागू केलं.

तरीही कायद्यात बसणारी बाग आणि प्रत्येक मुलाला खेळता येईल अशी बाग यांत अंतर उरतंच. लाकडाच्या भुशाची जमीन तिथल्या मापदंडात बसू शकते, पण तीवर खुर्ची ढकलणाऱ्या आईला विचारा. अशाच एका आईने, ओलेंका विलारिअल यांनी, आपल्या मुलीसाठी योग्य झोपाळा मिळेना म्हणून पालो आल्टोत काम सुरू केलं. नगरपालिकेने जागा आणि ३ लाख डॉलर दिले. एकूण खर्च ४० लाख डॉलरच्या आसपास गेला. बाकीचे पैसे देणग्यांतून उभे राहिले. एप्रिल २०१५ मध्ये बाग खुली झाली. ती पाहून सांता क्लारा काउंटीने २०१७ मध्ये अशाच सर्वसमावेशक खेळबागांसाठी १ कोटी डॉलरची अनुदान योजना आणली. अट अशी की बाग सर्वांची हवी, आणि मागणाऱ्याने आपलाही वाटा घालायचा. एका आईच्या झोपाळ्याची अशी योजना झाली.

आपल्याकडेही कायदा आहे. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातल्या सार्वजनिक इमारतींच्या व्याख्येत करमणुकीच्या इमारतीही येतात. कमतरता अट विचारणाऱ्याची आहे.

हे सगळं लिहायचं कारण, शाळेजवळच्या बागेच्या दुरुस्तीसाठी आपली बॅच निधी जमवते आहे आणि सरकारी अनुदानासाठीही अर्ज करायचा बेत आहे. यादीत कारंजं आहे, देणगीदारांच्या नावांची फरशी आहे. मी आपल्या त्या मैत्रिणीला फोन केला. तिने झोपाळ्यांबद्दल विचारलंच नाही. म्हणाली, "अगं, दुचाकी आत शिरू नयेत म्हणून ते नागमोडी लोखंडी फाटक बसवलंय ना, ते आधी काढा. माझी खुर्ची तिथेच अडकते. आतलं नंतर बघू."

एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, हे गणित सोपं आहे. माझी वर्गणी मी पाठवली आहे, पण एका अटीवर: पहिला खर्च फाटक आणि उतार यांवर व्हावा, कारंजं त्यानंतर. सर, बाई, तुम्हालाही आता गुडघ्यांमुळे पायऱ्या जड जात असतील. अर्जावर तुमच्याही सह्या हव्यात. पहिली सही मात्र तिची घेऊ या. पायऱ्या तिनेच मोजल्या आहेत.