बाळसं, सुकडी आणि पाच रुपयांची पुडी

मागच्या विकांताला सिरसाळ्याला जाऊन आलो. सिरसाळा म्हणजे आमचं आजोळ. बीड जिल्हा, परळी तालुका. परळीहून बीडकडे निघालं की वाटेत लागतं. ऑफिसात नाव सांगितलं की लोक "शिर्डीजवळ का?" असं विचारतात. असो.

या वेळी ताई आणि तिचा मुलगाही बरोबर होते. भाचा नऊ वर्षांचा, जन्मापासून पुण्यात वाढलेला. आज्जीनं त्याला दारातच जवळ ओढलं, गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "कसं बाळसं धरलंय माझ्या लेकरानं! नजर नको लागू दे बाबा कुणाची."

ताई काहीच बोलली नाही. कारण आदल्याच आठवड्यात मुलांच्या डॉक्टरांनी याच लेकराचा वाढीचा तक्ता तिच्यापुढे ठेवला होता. त्याच्या वजनाचा ठिपका सगळ्यात वरच्या रेषेच्याही वर होता. मानेवर काळसर पट्टा दिसत होता, तो ताई रोज आंघोळीला घासून काढायची. डॉक्टर म्हणाले, "हा मळ नाही. शरीरातलं इन्सुलिन वाढलंय, त्याची ही खूण असू शकते. तपासून घेऊ."

रात्री अंगणात ताई म्हणाली, "माझंच चुकलं. नोकरीच्या नादात लक्ष दिलं नाही." आणि आतून आज्जी ओरडत होती, "अगं खाऊ दे लेकराला अजून एक पोळी!"

एकच पोरगा. एकीला त्याच्यात देवाची कृपा दिसते, दुसरीला आपला गुन्हा. मला वाटतं दोघीही चुकतायत, आणि का ते कळायला थोडा इतिहास बघावा लागतो. म्हणून हा लेख.

आज्जीच्या तोंडी बहात्तरचा दुष्काळ काल घडल्यासारखा असतो. सरकारी हिशेबात तो १९७० ते १९७३ असा लांबलेला; पण १९७२ साली पावसानं पुन्हा पाठ फिरवली आणि लोकांचा धीरच सुटला. ज्वारी पिकली नाही, विहिरी आटल्या, जनावरं मातीमोल भावानं गेली. आज्जी तेव्हा अठरा वर्षांची, नुकतंच लग्न झालेली, आणि पोटात माझी आई. त्या अवस्थेत ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. ती एकटी नव्हती. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. खायला काय? अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिला सगळे मिलो म्हणत, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. "मिलोची भाकर घशाखाली उतरायची नाही बघ," असं आज्जी अजून सांगते. आई जन्मली ती १९७३ च्या उन्हाळ्यात. "एवढुशी होती, मांजरीच्या पिल्लासारखी."

त्या कामांनी लाखो जीव वाचवले हे नक्की. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना याच अनुभवातून राज्यभर उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण जीव वाचणं वेगळं आणि पोटातल्या बाळाला पुरेसं मिळणं वेगळं. त्या बाळाचं पुढे काय होतं?

या प्रश्नाचं एक उत्तर आलं हॉलंडमधून. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. खाते-पिते लोक अचानक उपाशी पडले आणि १९४५ च्या मे महिन्यात सुटका झाल्यावर तितक्याच अचानक पुन्हा जेवू लागले. म्हणजे कुठलं मूल गर्भात कितव्या महिन्याचं असताना उपासमार झाली, हे जन्मतारखेवरून काढता येत होतं. पुढे ती मुलं १९ वर्षांची होऊन सक्तीच्या सैन्यभरतीला आली तेव्हा त्यांची वजनं-उंच्या नोंदल्या गेल्या. अशा सुमारे तीन लाख तरुणांच्या नोंदी तपासून १९७६ साली निबंध आला. त्यात दिसलं की गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा जास्त होता. उलट, शेवटच्या महिन्यांत किंवा जन्मल्याजन्मल्या उपासमार झालेल्यांत तो कमी होता. आपण समजतो त्यापेक्षा प्रकरण गुंतागुंतीचं आहे तर.

पुढे १९८६ पासून इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हाच धागा हृदयरोगाच्या बाजूनं ओढला: जिथे पूर्वी तान्ही मुलं जास्त दगावायची, तिथेच पुढे म्हातारपणी हृदयविकार जास्त. गर्भात कमी मिळालं की शरीर मेंदूला वाचवतं आणि काटकसर करतं ती स्नायू, स्वादुपिंड वगैरेंत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कमी मेमरीच्या मशीनवर चालायचं म्हणून प्रोग्रॅमची सेटिंग्ज ठरवली जातात, आणि नंतर तो प्रोग्रॅम भलत्याच मशीनवर चालवला जातो. (उपमा फार ताणू नका, शरीर प्रोग्रॅमपेक्षा बरंच हुशार असतं.)

आणि आता पुणे! मी ज्या शहरात सात वर्षं कोड लिहितोय तिथेच या गोष्टीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग घडलाय आणि मला पत्ताच नव्हता. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक कोडं पडलं होतं: आपल्याकडे तरुण, बारीक दिसणाऱ्या माणसांना मधुमेह कसा होतो? १९९३ साली त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची गरोदर राहण्याआधीपासून नोंद ठेवायची, मग गर्भारपण, मग बाळ, मग त्या बाळाचं बालपण आणि तारुण्य. शेतात राबणाऱ्या, बेताचं खाणाऱ्या साध्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. म्हणजे आपली बाळं सगळ्याच बाबतीत छोटी असणार ना? तर नाही. पोट बारीक, दंड बारीक, स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास इंग्रज बाळाइतकी! हडकुळं तरीही चरबीवालं बाळ. वजनकाटा हे दाखवतच नाही.

२००४ साली लॅन्सेटमध्ये एक फोटो छापून आला. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. अख्खा विषय एका फोटोत.

हे वाचलं आणि आई डोळ्यांसमोर आली. आयुष्यात कधी जाड नव्हती. एक्केचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला तेव्हा सगळे म्हणाले, "हिला कसा काय?" एका माणसावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. पण प्रश्न तरी नीट विचारायला शिकलो.

हे झालं शरीराचं. आता ताटाचा इतिहास बघा, तो तर आपल्या डोळ्यांदेखत बदललाय. आज्जीच्या ताटात ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, परसातली पालेभाजी. साखर रेशनवर, तीही पाहुणा आला तर. मग रेशनच्या गहू-तांदळानं ज्वारीला मागे ढकललं. १९८३ साली दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया आल्या, १९९१ नंतर बाजार खुला झाला, बाहेरचं पामतेल स्वस्तात येऊ लागलं आणि त्या तेलात तळलेल्या पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा टपरीटपरीवर लटकल्या. सिरसाळ्याच्या स्टँडवरसुद्धा. फळ महाग, पुडी स्वस्त.

यातली खरी बोचणारी गोष्ट साखरेची आहे. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातून कोयते निघतात. कोयता म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, पाचटाच्या कोपीत राहतात, पहाटेपासून ऊस तोडतात. बायका गरोदर असल्या तरी मोळ्या उचलतात. म्हणजे शहरातल्या मुलाच्या शीतपेयातली साखर ज्या हातांनी तोडली, त्याच घरात पुढचं कमी वजनाचं बाळ जन्मतंय. बहात्तरच्या दुष्काळाला पन्नास वर्षं उलटून गेली, तरी पोटात बाळ घेऊन राबणं संपलेलं नाही.

आकडेही दोन्ही बाजूंनी बोलतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्के झालं. त्याच पाहणीत ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. जगाचं सांगायचं तर २०२५ साली युनिसेफनं जाहीर केलं की ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलं (९.४ टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झाली. आपण या दोन गोष्टी वेगळ्या खात्यांत टाकतो, कुपोषण गरिबांचं आणि लठ्ठपणा श्रीमंतांचा. मला आता वाटतं, ही एकाच घरातली दोन पोरं आहेत. आणि मधलं अंतर कधीकधी एका पिढीचंच असतं.

मग करायचं काय? गर्भात ठरलं म्हणजे कपाळी लिहिलं असं मुळीच नाही. पुण्याच्या त्याच खेड्यांत दिसलं की ज्या आया दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खात, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. बहुतेक आयांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून तिथे जन्मलेल्या मुलामुलींना ती स्वतः आईबाप होण्याआधीच, किशोरवयातच, बी-१२ देऊन बघण्याचा प्रयोग २०१२ साली सुरू झाला. म्हणजे लठ्ठपणा रोखायची सुरुवात जिमपासून नाही, शाळकरी मुलीच्या ताटापासून होते. जी घरात सगळ्यांत शेवटी जेवते, तिच्या.

जन्मलेल्या मुलांसाठी गोष्टी साध्याच आहेत. वजनाकडे नुसतं डोळ्यांनी बघू नका, तक्ता मागा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आपल्या मुलांची अंगकाठी धरून बनवलेत, त्यात धोक्याची रेषा परदेशी तक्त्यांपेक्षा आधी लागते. पाच वर्षांपुढच्या मुलाला रोज तासभर घाम येईल असा खेळ हवा, आणि झोप पुरेशी. शीतपेयाच्या एका डब्यात तीसेक ग्रॅम साखर असते, एवढं घरात सगळ्यांना माहीत असलं तरी पुष्कळ. शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकू नयेत असा नियम २०२० सालीच झालाय. आपल्या शाळेबाहेर एकदा पावलं मोजून बघा! आणि वाढत्या मुलाला उपाशी ठेवायचं नाही. बहुतेकदा वजन आहे तिथे थोपवून धरलं की उंची आपोआप गाठते.

निघायच्या आदल्या रात्री मी आज्जीला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. हॉलंड तिच्या पचनी पडलं नाही, पण मांजरीच्या पिल्लाची गोष्ट मीच उलट सांगितल्यावर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजी माझ्या पोटात उपास घडला, तो ह्याच्या अंगावर निघाला म्हणतोस?"

"तसंच काही नाही गं. पण थोडंफार."

"मग तुझ्या ताईला कशाला बोल लावता? तिनं काय केलं?"

ताईनं चमकून बघितलं. एवढ्यात पहिल्यांदाच तिला कुणीतरी तसं म्हणालं होतं.

सकाळी भाच्याच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी पडली. त्यानं नाक मुरडलं, "मामा, पुडी?" म्हणून माझ्याकडे बघितलं आणि अर्धी भाकरी खाल्ली. मग गल्लीतल्या पोरांबरोबर विटीदांडू खेळायला पळाला, तो तासभर आलाच नाही. आज्जीनं दुसरी भाकरी वाढायला उचलली होती. थोडा वेळ तशीच हातात धरली आणि परत टोपलीत ठेवली. पन्नास वर्षांच्या सवयीला एवढंसुद्धा सोपं नसतं.